टॉमचा खरा गुन्हा



या वेळचं पान ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’साठी. आपल्या वाचन गटाने गेल्या महिन्यात हे पुस्तक वाचून संपवलं आणि चर्चेच्या वेळी अकरावीतल्या एका मुलीने असा प्रश्न टाकला की बाकीचे सगळे गप्प झाले. ती म्हणाली, “टॉम निर्दोष आहे हे कोर्टात सगळ्यांना कळलेलं असतं. मग त्याला दोषी ठरवणारी माणसं मूर्ख होती की दुष्ट?”

मला वाटतं, ती दोन्ही नव्हती. याचं उत्तर पुस्तकातल्या एका छोट्याशा जागेत आहे, आणि गोष्टीच्या ओघात ती जागा पटकन निसटून जाते. म्हणून आज तिथेच थोडं थांबू.

ज्यांनी पुस्तक वाचलेलं नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगते. लेखिका हार्पर ली. पुस्तक आलं १९६० मध्ये, पुढच्याच वर्षी त्याला पुलित्झर पारितोषिक मिळालं. गोष्ट घडते अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या अलाबामा राज्यात, मेकम नावाच्या काल्पनिक गावात. काळ १९३०च्या दशकातला, महामंदीचा. गोष्ट सांगते स्काउट नावाची मुलगी. सुरुवातीला ती जेमतेम सहा वर्षांची आहे. आई नाही. वडील ॲटिकस फिंच वकील, मोठा भाऊ जेम, आणि घर चालवणारी काळी स्वयंपाकीण कॅलपर्निया. शेजारच्या घरात बू रॅडली नावाचा एक माणूस आहे, जो वर्षानुवर्षं कोणाला दिसलेला नाही. पुस्तकाचा पहिला भाग या बूला बाहेर काढायच्या मुलांच्या उद्योगांत जातो. ही पानं मस्त आहेत, पण त्यांच्याबद्दल मी लिहीत बसत नाही. ती तुम्ही वाचालच.

दुसऱ्या भागात खटला येतो. टॉम रॉबिन्सन हा पंचवीस वर्षांचा काळा शेतमजूर. मेएला युएल या एकोणीस वर्षांच्या गोऱ्या मुलीवर बलात्कार केल्याचा आरोप त्याच्यावर आहे आणि त्याला शिक्षा आहे मृत्यूची. न्यायाधीश ॲटिकसला टॉमचं वकीलपत्र देतात. ॲटिकस कोर्टात दाखवून देतो की मेएलाच्या चेहऱ्याची उजवी बाजू सुजलेली होती, म्हणजे मारणारा बहुधा डावखुरा असणार. मेएलाचा बाप बॉब युएल डावखुरा आहे. टॉमचा तर डावा हात लहानपणी सरकी काढायच्या यंत्रात सापडून कायमचा निकामी झालेला. डॉक्टरलाही कोणी बोलावलेलं नव्हतं. उरतात फक्त दोन गोऱ्यांच्या साक्षी. तरीही ज्युरी टॉमला दोषी ठरवते.

(ज्युरी म्हणजे गावातले बारा सामान्य नागरिक, जे निकाल देतात. आपल्याकडेही ही पद्धत होती. ‘रुस्तम’ सिनेमा ज्यावरून निघाला तो मुंबईचा नानावटी खटला ज्युरीपुढेच चालला होता. अलाबामात तेव्हा ज्युरीत काळ्यांना व्यवहारात जागाच नव्हती, आणि बायकांना तर तिथे १९६६ पर्यंत ज्युरीत बसता येत नसे.)

आता ती जागा. सरकारी वकील गिल्मर टॉमची उलटतपासणी घेतोय. टॉम सांगतो की रोज कामावर जाता-येता युएलांचं घर लागायचं, मेएला हाक मारायची आणि तो तिला लाकडं फोडून दे, पाणी भरून दे अशी कामं करून द्यायचा. पैसे मात्र घेत नसे. गिल्मर विचारतो, फुकट का करायचास? आणि टॉम खरं बोलून जातो. त्या मुलीबद्दल त्याला वाईट वाटायचं. घरात सगळं तिलाच करावं लागतं, बाकी कोणी हात लावत नाही, हे त्याला दिसत होतं.

त्या क्षणी कोर्टातली हवा बदलते. बोलल्याबरोबर टॉमलाही कळतं की आपण चुकलो. गिल्मर ते वाक्य पकडून धरतो आणि ज्युरीला ते नीट ऐकू जाईल अशी व्यवस्था करतो. खाली बसलेल्या गोऱ्या लोकांना ते उत्तर मुळीच आवडलेलं नाही.

का आवडलं नाही? मेकमची शिडी डोळ्यांसमोर आणा. वर फिंचसारखी जुनी, जमीनजुमल्याची घराणी. त्याखाली कनिंगहॅमसारखे गरीब पण ताठ शेतकरी. सगळ्यांत खाली, गावाच्या उकिरड्याला लागून, युएल. बाप सरकारी मदतीचे पैसे दारूत उडवतो, पोरं शाळेच्या पहिल्या दिवशी तोंड दाखवतात आणि गायब होतात. त्यांच्यापाशी स्वतःचं म्हणावं असं एकच काही आहे, गोरी कातडी. त्या एका गोष्टीच्या जोरावर ते गावातल्या प्रत्येक काळ्या माणसाच्या एक पायरी वर उभे आहेत, मग तो काळा माणूस कितीही कष्टाळू असो, कितीही सरळ असो.

आणि आपल्याकडे शब्द आहे ‘कीव’. कीव वरून खाली वाहते. आपण भिकाऱ्याची कीव करतो. भिकारी आपली कीव करतोय ही कल्पनासुद्धा सहन होत नाही. टॉमने मेएलाची कीव केली, म्हणजे न बोलता तो तिच्या वरच्या पायरीवर जाऊन उभा राहिला. ज्युरीतल्या बारा जणांच्या दृष्टीने त्याचा खरा गुन्हा हा होता. बलात्कार झालेला नाही हे त्यांना कळलेलं असणार. निकालाला कित्येक तास लागले, ते उगाच नाही. पण टॉमला सोडणं म्हणजे त्याची ती कीव मान्य करणं.

हे कादंबरीतच घडतं असं समजू नका. मार्च १९३१ मध्ये अलाबामातच मालगाडीतून नऊ काळ्या मुलांना उतरवून दोन गोऱ्या तरुणींवर बलात्कार केल्याच्या आरोपाखाली पकडलं. ‘स्कॉट्सबरो बॉइज’ म्हणून ते पुढे ओळखले गेले. दोन-तीन आठवड्यांत त्यांतल्या आठ जणांना मृत्युदंड सुनावून झाला. १९३३ मध्ये त्या दोघींपैकी एक, रूबी बेट्स, स्वतः कोर्टात उभी राहून म्हणाली की असं काही घडलंच नव्हतं. तरीही ज्युरीने आरोपीला पुन्हा दोषी ठरवलं. म्हणजे खरं काय ते ठाऊक होणं आणि न्याय मिळणं यांत केवढं अंतर असतं बघा.

आता मेएलाकडे वळू, कारण मला ती या पुस्तकातली सगळ्यांत अवघड व्यक्तिरेखा वाटते. उकिरड्याशेजारच्या त्या गलिच्छ अंगणात टवके उडालेल्या सहा भांड्यांत तिने लाल जिरेनियम लावलेत आणि ती ते जपते. कोर्टात ॲटिकस तिला अदबीने ‘मिस’ म्हणतो, तर तिला वाटतं हा आपली टिंगल करतोय. जन्मात कोणी तिच्याशी असं बोललेलंच नसतं. टॉमला एकट्याने घरी बोलावता यावं म्हणून ती वर्षभर पै पै साठवते आणि सातही भावंडांना आइस्क्रीम खायला गावात पाठवते. छोट्या स्काउटलाही कळतं की ही मुलगी बू रॅडलीपेक्षाही एकटी आहे. तरी याच मुलीच्या खोट्या साक्षीने एका माणसाचा जीव जातो. वाचन गटातल्या एका मुलाने विचारलं, “मग तिच्याबद्दल वाईट वाटू द्यायचं की नाही?” वाटू द्यायला हरकत नाही. पण टॉमलाही तेच वाटलं होतं आणि त्याची किंमत त्याने मोजली, हे विसरून नको.

वरून खाली वाहणारी, समाजमान्य कीव कशी दिसते तेही हार्पर लीने दाखवलंय, आणि मला विचाराल तर खटल्यापेक्षाही ते प्रकरण जास्त बोचरं आहे. स्काउटच्या घरी गावातल्या बायकांचा चहा आहे. आफ्रिकेतल्या म्रुना नावाच्या लोकांच्या हलाखीबद्दल बोलताना मिसेस मेरीवेदर यांचे डोळे पाणावतात. पुढच्याच दमात त्या स्वतःच्या मोलकरणीबद्दल कुरकुरतात, की टॉमच्या निकालापासून ही तोंड पाडून असते. मंदी आहे आणि तिला आठवड्याच्या सव्वा डॉलरची गरज आहे म्हणून ठेवलीय, नाहीतर कधीच काढून टाकली असती! त्या बोलताहेत त्याच खोलीत कॅलपर्निया ताटल्या फिरवतेय. आणि तेवढ्यात ॲटिकस बातमी घेऊन येतो: टॉमने तुरुंगातून पळायचा प्रयत्न केला आणि पहारेकऱ्यांनी त्याला गोळ्या घातल्या. सतरा गोळ्या.

आपल्या घरांत ‘बिचारी’ हा शब्द किती वेळा येतो, कधी मोजलात? बिचारीचा नवरा पितो, बिचारीच्या मुलाची फी राहिली. हे बोलणारे लोक वाईट नसतात. जुने कपडे देतात, दिवाळीला पैसे देतात. कप मात्र वेगळा असतो. समजा, धुणंभांडं करायला येणाऱ्या मावशी एक दिवस तुमच्या आईला म्हणाल्या, “ताई, मला तुमची फार कीव येते हो, एवढं मोठं घर आणि जेवायला चौघं कधी एकत्र नसता.” घरातले सगळे त्यावर हसतील का? प्रामाणिकपणे विचार करा.

ॲटिकसबद्दल लिहिलं नाही तर काहीजण रुसतील. तो मोठा माणूस आहेच. हरणार हे ठाऊक असून जीव ओतून लढतो, तुरुंगाच्या दाराशी एकटा खुर्ची टाकून बसतो. पण त्याचा गावातल्या माणसांवर फार विश्वास आहे. टॉमला मारायला आलेल्या जमावातल्या कनिंगहॅमबद्दलही दुसऱ्या दिवशी तो मुलांना समजावतो, की माणूस मुळात चांगला आहे. ही उदारता ॲटिकसला परवडते, कारण त्या रात्री दोरी त्याच्या गळ्यासाठी आणलेली नव्हती. वरच्या कोर्टात आशा आहे असं तो टॉमला सांगतो. टॉम गोऱ्यांच्या आशेवर थांबायला तयार नसतो.

आणि ‘मुळात चांगली’ माणसं काय करतात हे कळायला आपल्या वडोदेकरांना अलाबामापर्यंत जायची गरज नाही. १९१७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोद्याला आले. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेला हा तरुण संस्थानच्या नोकरीत रुजू झाला, पण त्याला राहायला कोणी जागा देईना. पारशी नाव सांगून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि त्यांना बाहेर पडावं लागलं. पुढची हकिकत त्यांनी स्वतः ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये लिहून ठेवलीय. ते एका हिंदू मित्राकडे गेले. मित्राला खरोखर वाईट वाटलं, रागही आला, पण तो म्हणाला की तुम्ही माझ्या घरी आलात तर माझे नोकर निघून जातील. दुसरा मित्र ख्रिस्ती होता. त्याला बायकोला विचारायचं होतं. शेवटी रात्रीच्या गाडीची वेळ होईपर्यंत बाबासाहेब कमाठीबागेत बसून राहिले. आपण रविवारी भेळ खायला जातो ती कमाठीबाग. त्या दोन मित्रांत मला मेकमचे भले लोक दिसतात.

राहता राहिली कॅलपर्निया. ॲटिकस बाहेरगावी असताना ती मुलांना आपल्या चर्चमध्ये नेते. तिथे बहुतेकांना वाचता येत नाही, म्हणून एकजण भजनाची ओळ आधी वाचतो आणि बाकीचे मागून म्हणतात. तो वाचणारा तिचाच मुलगा झीबो. तिनेच त्याला शिकवलेलं. तिथे ती वेगळ्याच बोलीत बोलते, आणि स्काउटला पहिल्यांदा जाणवतं की आपल्या स्वयंपाकघराबाहेरही हिला एक अख्खं आयुष्य आहे. ती विचारते, मी तुझ्या घरी येऊ का गं? कॅलपर्निया म्हणते, ये की. पण आत्या अलेक्झांड्रा बजावते, मुळीच जायचं नाही. आणि पुस्तक संपेपर्यंत स्काउट तिच्या घरी जात नाही.

ती जाते ते ‘गो सेट अ वॉचमन’ या २०१५ मध्ये छापल्या गेलेल्या पुस्तकात, सव्वीस वर्षांची झाल्यावर. कॅलपर्निया आता थकलीय, तिचा नातू अडचणीत आहे. ती स्काउटला बसायला सांगते आणि एखाद्या परक्या गोऱ्या बाईशी बोलावं तशी जपून, अदबीने बोलते. स्काउट कळवळून विचारते, तू आमचा द्वेष करायचीस का? कॅलपर्निया बराच वेळ गप्प राहते आणि मग नुसती नकारार्थी मान हलवते.