डिस्चार्जच्या दिवशी घाई करू नका

रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयातून आपलं माणूस घरी न्यायला आलेल्यांची एक नजर घड्याळावर असते. गावाकडची शेवटची एस.टी. चुकली तर पंचाईत. मग कागदावर सही होते, गोळ्यांची पिशवी ताब्यात येते आणि मंडळी निघतात. माझं सांगणं एवढंच, की त्या दिवशी वॉर्डातल्या सिस्टर किंवा ब्रदरजवळ अर्धा तास बसा. डॉक्टर रोज थोडा वेळ भेटतात. पण रुग्ण रात्री किती झोपला, कशानं बिथरतो, कुणी कसं बोललं की शांत होतो, हे वॉर्डात सतत वावरणाऱ्यांना जास्त ठाऊक असतं. ते विचारा, वहीत लिहून घ्या. उद्यापासून ती शुश्रूषा तुमच्या अंगावर आहे.

गोळ्यांपासून सुरुवात करू. ‘दिली’ आणि ‘घेतली’ यांत फरक आहे. गालात किंवा जिभेखाली धरलेली गोळी मागीलदारी थुंकली जाते. सिस्टर गोळी देऊन लगेच पुढे सरकत नाही. पाणी पिऊ देते, दोन शब्द बोलते. तुम्हीही तेच करा, पण पोलिसासारखं तोंड उघडायला लावू नका. गोळी का नको, ते विचारा. बहुतेकदा कारण खरं असतं: हात थरथरतात, अंग आखडतं, एका जागी बसवत नाही. यावर बऱ्याचदा इलाज असतो. डोस बदलता येतो, दर दोन-चार आठवड्यांनी घ्यायचं इंजेक्शनही काहींना चालतं. मात्र बदल डॉक्टरांनी करायचा. ‘आता बरा आहे की’ म्हणून घरच्यांनी गोळी बंद करायची नाही. देवाला गाऱ्हाणं जरूर घाला, गोळीही चालू ठेवा.

लिथियमची गोळी चालू असेल तर कोकणातल्या माणसानं विशेष जपावं. मे महिन्याच्या उकाड्यात घामाच्या धारा लागतात. जुलाब-उलट्या झाल्या तरी तेच. अंगातलं पाणी आणि मीठ कमी झालं की रक्तातलं लिथियम वाढतं. म्हणून पाणी भरपूर द्या आणि कुणाच्या सांगण्यावरून जेवणातलं मीठ एकदम तोडू नका. गुडघेदुखीवरच्या काही गोळ्यांनीही ते वाढतं, तेव्हा दुकानातून परस्पर आणलेली वेदनाशामक गोळी नको. हात जास्त कापू लागले, चाल अडखळली, बोलणं जड झालं तर पुढच्या तारखेची वाट न बघता दवाखाना गाठा. लिथियमच्या तपासणीसाठी रक्त शेवटच्या गोळीनंतर साधारण १२ तासांनी, सकाळची गोळी घेण्याआधी द्यायचं असतं. हे माहीत नसल्यानं तपासणीचा आकडाच चुकतो.

आजार उलटायचा असला की बहुतेकदा झोप आधी बिघडते. वहीत झोपेचे तास लिहीत जा. दोन-तीन रात्री कोऱ्या गेल्या तर फोन करा.

कानात आवाज येतात असं रुग्ण म्हणाला, तर ‘काहीतरीच काय’ म्हणून उडवून लावू नका आणि ‘हो, मलाही येतात’ असंही म्हणू नका. ‘मला ऐकू येत नाही, पण तुला त्रास होतोय हे कळतं’ एवढं पुरे. दिवसभर टोचून बोलण्यानं आजार उलटण्याचा धोका वाढतो, हे संशोधनात पुन्हापुन्हा दिसलं आहे. घरात सासू, आते, काका सगळेच सल्ला देणारे असतील, तर बोलायचं कुणी ते एकदा ठरवून टाका.

आणखी एक, आंबेवाल्या घरांसाठी. पडवीत हापूसच्या फवारणीची औषधं उघडी पडलेली असतात. घरात निराश माणूस असेल तर ती कुलपात गेली पाहिजेत. जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार येतो का, हे त्याला सरळ विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट मन मोकळं होतं. उत्तर ‘हो’ आलं तर एकटं सोडू नका. १४४१६ हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत क्रमांक दिवसरात्र चालतो.

हे झालं न्यायला येणाऱ्यांचं. न येणाऱ्यांचं काय? रत्नागिरीचं हे रुग्णालय १८८६ सालचं. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी ही नावं आपण थट्टेत वापरून वापरून अशी करून ठेवली आहेत, की तिथं माणूस ठेवला हे सांगायची लाज वाटते आणि बरा झाला तरी आणायची भीती. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं १९ वं कलम म्हणतं, की घरचे स्वीकारत नाहीत एवढ्याच कारणावरून कुणाला रुग्णालयात ठेवून घेता येणार नाही. कायद्यानं हक्क दिला खरा, पण दार घरच्यांनाच उघडावं लागतं. लगेच कायमचं आणणं जमत नसेल तर डॉक्टरांना विचारून गणपतीत चार दिवस आणा. तेही नाही तर भेटायला तरी या. आणि मुंबईला खोली बदलली, मोबाइलचं सिमकार्ड बदललं असेल, तर नवा पत्ता आणि नंबर या आठवड्यात वॉर्डात कळवा.