भाराची मात्रा

चाळिशी ओलांडलेल्या रुग्णाला व्यायामाचा सल्ला देताना महाराष्ट्रातील बहुतेक दवाखान्यांत आजही रोज पाऊण तास चालण्यापलीकडे काही सांगितले जात नाही, आणि हा सल्ला हृदयासाठी, रक्तदाबासाठी व मनःस्वास्थ्यासाठी हिताचा असल्यामुळे त्याच्या अपुरेपणाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. सपाट रस्त्यावर चालताना मांडीच्या स्नायूंवर त्यांच्या कमाल क्षमतेच्या मानाने फार थोडा भार येतो, खांदे, पाठ आणि हात यांच्यावर तर जवळजवळ येतच नाही. त्यामुळे वर्षानुवर्षे नेमाने चालणाऱ्या माणसाचीही ताकद घटत राहते आणि साठीच्या आसपास जमिनीवरून उठताना गुडघ्यावर हात टेकावा लागू लागला, की मगच ती घट त्याच्या ध्यानात येते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांच्या मध्यम तीव्रतेच्या हालचालीबरोबरच किमान दोन दिवस सर्व प्रमुख स्नायुगटांचा बलवर्धक व्यायाम सांगितला आहे. कौटुंबिक डॉक्टर, भौतिकोपचारतज्ज्ञ आणि व्यायामशाळेतील प्रशिक्षक या तिघांच्याही हातून ही दुसरी शिफारस निसटते, आणि जेथे ती पाळली जाते तेथेही काळजीपोटी भार इतका हलका ठेवला जातो की त्याचा परिणाम होण्याची शक्यता उरत नाही, असे या मासिकाचे स्पष्ट मत आहे.

वयोमानाने होणाऱ्या स्नायूंच्या ऱ्हासाला ‘सार्कोपेनिया’ हे नाव अमेरिकी आहारशास्त्रज्ञ आयर्विन रोझेनबर्ग यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस सुचवले, तेव्हा त्यांचा रोख स्नायूंच्या वस्तुमानावर होता. पुढील तीन दशकांत मात्र निदानाचा केंद्रबिंदू वस्तुमानाकडून ताकदीकडे सरकला, कारण ताकद वस्तुमानापेक्षा वेगाने घटते आणि अपंगत्वाचा अंदाज तिच्यावरून अधिक चांगला बांधता येतो. या ऱ्हासाची रचना व्यायाम सुचवणाऱ्याने नीट समजून घेतली पाहिजे. मज्जारज्जूतील एक चेतापेशी आणि तिच्या आज्ञेने आकुंचन पावणारे सर्व स्नायुतंतू मिळून जे एकक बनते त्याला प्रेरक एकक म्हणतात. वाढत्या वयात अशी काही एकके कायमची गमावली जातात आणि त्यांच्यामागे राहिलेले तंतू एकतर शेजारच्या चेतापेशीला जोडले जातात किंवा सुकून जातात. या क्षयाचा मोठा वाटा दुसऱ्या प्रकारच्या, म्हणजे जलद व जोरकस आकुंचन पावणाऱ्या तंतूंच्या वाट्याला येतो, आणि पाय घसरताच तोल सावरण्यासाठी नेमके हेच तंतू लागतात. प्रेरक एकके लहानापासून मोठ्यापर्यंत या क्रमाने कामाला लागतात, सर्वांत मोठी एकके प्रयत्न खरोखर तीव्र झाल्यावरच जागी होतात. म्हणून सावकाश फेरफटका कितीही लांबवला तरी ज्या तंतूंना वाचवायचे आहे त्यांच्यापर्यंत तो पोहोचत नाही.

भारतीय रुग्णांच्या बाबतीत या प्रश्नाला आणखी एक पदर आहे, आणि तो पुण्यातच उलगडला गेला. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांच्यासह २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये दोघांचेच एकत्र छायाचित्र प्रसिद्ध केले होते, दोघांचाही शरीर-वस्तुमान निर्देशांक, म्हणजे उंचीच्या वर्गाने वजनाला भागून येणारा आकडा, २२.३ असा सारखाच होता, पण शरीरातील चरबीचे प्रमाण युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के होते. काट्यावर सडपातळ ठरणाऱ्या भारतीय शरीरात चरबी अधिक व स्नायू कमी असतात, हे त्या एका पानाने जगाला दाखवून दिले. जेवणानंतर रक्तात आलेली साखर इन्सुलिनच्या मदतीने सामावून घेणारे सर्वांत मोठे कोठार म्हणजे अस्थिस्नायू, आणि आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनवाचूनही साखर आत ओढू शकतो; तेव्हा मुळातच हे कोठार लहान असलेल्या समाजात मध्यमवयातील स्नायूंची घट ही केवळ हाडवैद्यकाची बाब राहत नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘आयसीएमआर-इंडियाब’ अभ्यासाने देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही असल्याचा अंदाज दिला आहे, आणि त्यांच्यापैकी अनेकांना वजन कमी करण्याचा सल्ला मिळतो. स्नायू राखण्याचा किंवा वाढवण्याचा सल्ला मात्र क्वचितच मिळतो, हे खेदाने नमूद करावे लागते.

मात्रेचा विचार शास्त्रशुद्धपणे मांडण्याचे श्रेय बव्हंशी थॉमस डीलॉर्म या अमेरिकी लष्करी डॉक्टरकडे जाते. दुसऱ्या महायुद्धात शिकागोच्या गार्डिनर रुग्णालयात गुडघ्याच्या व मांडीच्या दुखापती झालेल्या सैनिकांची रीघ लागली असताना, हलक्या भाराने पुष्कळ वेळा व्यायाम करवून घेण्याची रूढ पद्धत त्यांनी बाजूला ठेवली आणि दुबळ्या स्नायूंना त्यांच्या कुवतीच्या कडेपर्यंत जाणारा भार देऊन तो नियमाने वाढवत नेला. ओळीने फक्त दहा वेळा उचलता येईल, अकराव्यांदा नाही, असे वजन शोधायचे आणि त्याच्या निम्म्या, पाऊण व पूर्ण भाराने दहा-दहा आवर्तनांचे तीन संच करायचे, ही १९४८ साली आर्थर वॉटकिन्स यांच्यासह त्यांनी सांगितलेली मांडणी आजही जगभरच्या व्यायामशाळांत, बहुधा तिच्या जनकाचे नाव ठाऊक नसताना, चालू आहे.

महाराष्ट्रातील तालमींना वाढत्या भाराची कल्पना परकी नव्हती. वेगवेगळ्या वजनांचे मुद्गल आणि पैलवानाची ताकद जोखणारी दगडी नाल यांचा वापर त्याची साक्ष देतो. पण शाळेच्या मैदानातून घरोघरी जे पोहोचले ते जोर-बैठकांचे आकडे, आणि त्यांत संख्या वाढत जाते, भार मात्र शरीराच्या वजनाएवढाच राहतो. पन्नास बैठका सहज काढणाऱ्या माणसाने शंभरचा पल्ला गाठला तर त्याचा दम वाढतो, ताकदीत मात्र फारशी भर पडत नाही, हा भेद प्रशिक्षकांनी आग्रहाने समजावून सांगायला हवा. याउलट पंचावन्न वर्षांच्या ज्या स्त्रीला आधाराशिवाय खुर्चीतून पाच वेळा उठता येत नाही, तिच्यासाठी खुर्चीतून उठणे हाच पुरेसा जड व्यायाम असतो, आणि तेथून सुरुवात करण्यात कोणताही कमीपणा नाही.

व्यवहारात मात्रा ठरवताना कमाल वजनाची चाचणी घेण्याची गरज सहसा पडत नाही. आठ ते बारा आवर्तनांचा संच संपताना आणखी दोन किंवा तीनच आवर्तने जमतील, असे व्यायाम करणाऱ्याला प्रामाणिकपणे वाटले, तर भार योग्य आहे. आणखी दहा जमतील असे वाटले, तर तो व्यायाम ताकदीच्या दृष्टीने वायाच गेला असे समजावे. बसून उठण्याची, वाकून उचलण्याची, ढकलण्याची आणि ओढण्याची अशी प्रत्येकी एक हालचाल व तिच्या जोडीला वजन हातात घेऊन चालणे एवढ्यात शरीराचा बहुतेक भाग येतो. पहिल्या काही आठवड्यांतील वाढ मुख्यतः चेतासंस्थेच्या सुधारणेतून येते, स्नायूचा आकार नंतर बदलतो आणि स्नायुबंध त्याहूनही सावकाश बळकट होतात. म्हणूनच उत्साहाच्या भरात दुसऱ्या महिन्यात भार एकदम चढवला, की खांदा किंवा कोपर दुखू लागतो. आहाराविषयी येथे एवढेच सांगणे पुरे की पोहे, उपमा, पोळी-भाजी या क्रमात दिवसाचा बराच काळ प्रथिनांवाचून जातो, तेव्हा प्रत्येक जेवणात उसळ, दही, अंडी किंवा मासे यांपैकी काहीतरी ठळक प्रमाणात असावे.

इतके असूनही जड भार सुचवताना हात आखडतो, कारण वयस्क शरीर मोडेल अशी भीती असते. या भीतीला उत्तर देणारा पुरावा जुना आहे. बॉस्टनमधील मारिया फियाटारोन यांनी १९९० साली वृद्धाश्रमातील सरासरी नव्वद वर्षे वयाच्या दहा जणांना कमाल क्षमतेच्या ८० टक्क्यांपर्यंत भार देऊन आठ आठवडे मांडीचा व्यायाम करवला, आणि तो पूर्ण करणाऱ्या नऊ जणांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. तो प्रयोग लहान होता व त्यात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, पण १९९४ साली त्याच चमूने शंभर जणांवर केलेल्या यादृच्छिक चाचणीत व्यायाम करणाऱ्यांची ताकद ११३ टक्क्यांनी वाढली आणि व्यायामावाचून दिलेल्या पूरक आहाराने काहीच साधले नाही. ऑस्ट्रेलियातील ‘लिफ्टमोर’ चाचणीचे २०१८ सालचे निष्कर्ष तर प्रत्येक स्त्रीरोगतज्ज्ञाने वाचावेत असे आहेत: रजोनिवृत्तीनंतर हाडे विरळ झालेल्या स्त्रियांनी आठ महिने, आठवड्यातून दोनदा, अर्धा तास, देखरेखीखाली अतिशय जड वजने उचलली, तेव्हा त्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता सरासरी २.९ टक्क्यांनी वाढली, तर घरी हलका व्यायाम करणाऱ्या गटात ती १.२ टक्क्यांनी घटली. भारतीय स्त्रियांची रजोनिवृत्ती पाश्चात्त्य स्त्रियांपेक्षा काही वर्षे आधी येते, म्हणजे हाडांना आधार देण्याची निकड येथे अधिक लवकर सुरू होते, आणि त्याच स्त्रियांच्या हाती अर्ध्या किलोचे रंगीत डंबेल देऊन त्यांची बोळवण केली जाते.

खबरदारीची ठिकाणे खरी आहेत व ती निश्चित आहेत. अस्थिर हृदयशूल, आटोक्यात नसलेला रक्तदाब, महाधमनीच्या झडपेचे तीव्र आकुंचन आणि मधुमेहामुळे दृष्टिपटलावर नव्या, नाजूक रक्तवाहिन्या फुटण्याचा सक्रिय विकार असेल, तर त्या त्या तज्ज्ञाच्या संमतीवाचून भार देऊ नये. श्वास कोंडून जोर लावण्याची सवय पहिल्याच दिवशी मोडावी, कारण कॅनडातील संशोधकांनी १९८५ साली दोन्ही पायांनी जड भार ढकलणाऱ्या तरुण शरीरसौष्ठवपटूंच्या धमनीत थेट मोजलेला दाब सरासरी ३२०/२५० पर्यंत चढला होता आणि त्याला कोंडलेला श्वासही कारण होता. इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटाची औषधे घेणाऱ्यांना व्यायामानंतर साखर खाली जाण्याची लक्षणे आधीच समजावून द्यावीत.

आशियाई तज्ज्ञगटाने २०१९ साली सुधारलेल्या निकषांनुसार पुरुषांची पकड २८ किलोपेक्षा व स्त्रियांची १८ किलोपेक्षा कमी असेल, किंवा खुर्चीतून पाच वेळा उठायला १२ सेकंद वा अधिक लागत असतील, तर सार्कोपेनियाची शंका घ्यावी. पकड मोजायला डायनॅमोमीटर लागतो, पण दुसऱ्या चाचणीला साधी खुर्ची आणि घड्याळ पुरते, आणि ती रक्तदाब तपासण्याच्या वेळेत उरकते. केसपेपरवर ‘व्यायाम करा’ असे मोघम न लिहिता व्यायामाचे नाव, आजचा भार, आवर्तने, संच, आठवड्यातील वार आणि भार वाढवण्याची तारीख लिहावी. त्याची प्रत प्रशिक्षकाकडे जावी, प्रशिक्षकाने प्रत्यक्ष उचललेले किलो तिच्यावर नोंदवावेत, आणि सहा आठवड्यांनी रुग्ण परत येईल तेव्हा ते आकडे वाढलेले नसतील, तर औषध लागू पडत नसताना मात्रा तपासली जाते त्याच गांभीर्याने डॉक्टर व प्रशिक्षक यांनी भाराविषयी परस्परांशी बोलावे.