माळावरच्या गाड्या आणि वाटेचा हक्क

डांबरी सडक जेथे संपते तेथून पुढे गाडी नेण्याची हौस आता आपल्याकडे चांगलीच रुजली आहे. चारही चाकांना जोर पुरविणारी वाहने बाळगणारी मंडळी ताफे करून डोंगरउतार, नाल्यांची कोरडी पात्रे आणि खडकाळ पठारे पार करण्यात सुट्टीचा दिवस घालवितात. राजस्थानच्या वाळवंटापर्यंत जाणे ज्यांना साधत नाही त्यांना जवळचा खडकाळ मुलूख हवा असतो, आणि समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाल्यापासून नागपूरच्या माणसाला वर्धा जिल्हा पूर्वीपेक्षा कितीतरी जवळ आला आहे. आर्वी, आष्टी आणि कारंजा या तालुक्यांतील माळ चैत्र-वैशाखात असे काही तापतात, आणि त्यांच्यावरचा काळा पाषाण असा उघडा पडतो, की मरुभूमी पाहावयास आणखी दूर जाण्याचे कारण उरू नये. या हौसेला माझा विरोध नाही. माझे म्हणणे इतकेच आहे, की हा माळ बिनधनी नाही. त्याच्यावर वाटा आहेत, त्या वाटांना हक्क आहेत, आणि ज्याला तेथे गाडी न्यावयाची असेल त्याने वाट सोडता कामा नये व गावाला विचारल्यावाचून वाटेलाही लागता कामा नये.

या छंदामागे खरे कौशल्य आहे, हे आधी मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. खडकाळ चढापाशी आल्यावर जाणता चालक वेग वाढवीत नाही. तो चाकांतील हवा थोडी कमी करतो, म्हणजे रबर दगडाला अधिक रुंदीने धरते. गिअर सर्वांत खालचा घेतो. आणि एक सोबती खाली उतरून गाडीसमोर उलटा चालत, हाताच्या खुणेने एकेक चाक कोठे ठेवावयाचे ते दाखवितो. मोठा धोंडा आला तर तो दोन चाकांच्या मध्ये घेण्याऐवजी त्याच्यावरच चाक चढवितात, कारण मध्ये घेतलेला धोंडा गाडीच्या पोटाला लागतो. पुढची गाडी वाट जाणणाऱ्याची, शेवटची गाडी दुरुस्तीचे सामान आणि ओढदोर बाळगणाऱ्याची, आणि मागची गाडी दिसेनाशी झाली की पुढच्याने थांबावयाचे, असा त्यांचा शिरस्ता असतो. परस्परांवर विसंबून राहण्याची ही शिस्त तरुणांच्या अंगी बाणत असेल तर ती मोलाचीच आहे. मात्र ताफ्यातील सोबत्याविषयी जी काळजी दिसते ती चाकाखालच्या जमिनीविषयीही दिसावयास हवी, आणि तेथे मात्र पुष्कळदा उणीव आढळते.

ही जमीन कशी आहे ते जरा जवळून पाहावे. खाली काळा बेसाल्ट, त्याच्यावर झिजलेला मुरूम, आणि त्या मुरमावर बोटभर माती, असा तिचा थर असतो. विदर्भातला शेतकरी तिला बरड म्हणून सोडून देतो. परंतु त्याच बोटभर मातीत मारवेल, पवन्या आणि कुसळी हे गवत मूळ धरते, आणि त्या मुळांनीच ती माती उतारावर टिकून असते. चढावर घसरत फिरणारे जड चाक ते मूळ उपटते, खालचा मुरूम दाबून घट्ट करते, आणि पहिल्या मोठ्या पावसात त्या दोन चाकोऱ्यांतून पाणी जे धावू लागते ते पुढच्या वर्षी घळ करून मोकळे होते. रुक्ष प्रदेशाच्या जखमा किती काळ राहतात याचा पुरावा अमेरिकेतील मोहावी वाळवंटात आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, जनरल पॅटन यांनी तेथे रणगाड्यांचे शिक्षणकेंद्र उघडले होते. ते दोन वर्षांतच बंद झाले, पण त्या रणगाड्यांच्या पट्ट्यांचे ओरखडे ऐंशी वर्षांनंतरही तेथील खडीवर दिसतात. आपल्याकडे पाऊस अधिक, म्हणून गवत लवकर भरून येईल असे कोणी म्हणेल. पण ज्या पावसाने गवत येते तोच पाऊस उघडी पडलेली माती वाहून नेतो.

शिवाय हा माळ रिकामा नसतो. माळटिटवी उन्हाळ्याच्या ऐन तापात उघड्या खडीवर, काडीचेही घरटे न करता, बहुधा चार अंडी घालते. ती मातकट, काळ्या ठिपक्यांची अंडी दोन पावलांवरूनही मुरमातून वेगळी ओळखू येत नाहीत, मग उंच गाडीच्या काचेतून पाहणाऱ्याला ती दिसावयाची कशी? धाविक आणि चंडोल हेही जमिनीवरच वीण करणारे पक्षी आहेत. आणि पक्ष्यांची गोष्ट बाजूला ठेवली तरी गुरे आहेतच. गवळाऊ ही वर्धा जिल्ह्याची देखणी, पांढरीशुभ्र गोजात याच माळांवर वाढलेली आहे. तिचे बैल हलक्या अंगाचे आणि चपळ असतात, आणि मराठ्यांच्या फौजांचे सामान डोंगराळ मुलखातून झपाट्याने नेण्यासाठी ही जात घडविली गेली असे पशुविद्येचे जाणकार सांगतात. कारंजा तालुक्यातील हेटीकुंडी येथे तिच्या जोपासनेसाठी शासकीय पैदास केंद्र आहे. पण केंद्राने जात वाचत नसते, ती नंदगवळ्यांच्या कळपांनी वाचते, आणि ते कळप चराईवर जगतात. म्हणजे शहरातला माणूस ज्याला ओसाड म्हणतो ती येथल्या एका जमातीच्या उपजीविकेची मोकळी कोठी आहे.

आता हक्काचा प्रश्न. 'सरकारी पडीत जमीन आहे, तेथे कोणाची मनाई?' असा सवाल नेहमी ऐकू येतो. त्याचे उत्तर महसुली दफ्तरात आहे. वर्धा जिल्हा नागपूरपासून अलग होऊन १८६२ मध्ये अस्तित्वात आला. येथे मालगुजारीचा अंमल होता आणि तो १९५१ मध्ये संपुष्टात आला. पण गावाने कोणत्या पडीत जमिनीवर गुरे चारावीत, सरपण कोठून आणावे, वहिवाटीचा रस्ता कोणता, पाणी कोणी कसे घ्यावे, याविषयीच्या नोंदींची परंपरा मालगुजारीबरोबर नाहीशी झाली नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, हिच्या कलम १६१ मध्ये चराई-सरपणाच्या निस्तार पत्रकाची आणि कलम १६५ मध्ये वाट-पाण्याच्या हक्कांच्या वाजिब-उल-अर्जाची तरतूद आहे. ही दोन्ही कागदपत्रे विदर्भातल्या माणसाला आजही तहसील कचेरीत मागता येतात, आणि माळाचा मालक सरकार असले तरी त्याच्या उपभोगाचा अधिकार गावाकडे कसा आला आहे ते त्यांत स्पष्ट दिसते. ज्या भूमीवर एका गावाचा निस्तार आहे तिच्यावरून ताफा न्यावयाचा तर त्या गावाची संमती ही सौजन्याची बाब राहत नाही, न्यायाची ठरते. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी सेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, राहावयास आले तेव्हा त्यांनी आपला हेतू ग्रामस्थांसमोर उघड मांडला होता. ज्यांच्या येण्याने गावाचे भाग्य उजळले असे आपण म्हणतो त्यांनाही आधी सांगणे अगत्याचे वाटले, मग इतरांनी ते का टाळावे?

या विषयाची एक बाजू मला विशेष लागते. ज्या खाचखळग्यांसाठी हौशी मंडळी पैसे खर्चून दुरून येतात तेच खाचखळगे येथल्या शेतकऱ्याच्या नशिबी सक्तीने आलेले आहेत. वर्ध्याच्या काळ्या मातीतली पांदण पावसाळ्यात पाहावी: बंडीचे चाक आसापर्यंत रुतते, सोयाबीन कापून शेतात गंजी लावून ठेवली तरी मळणीयंत्र तेथवर पोहोचत नाही, आणि सीतादही ही शेतपूजा होऊन कापसाची वेचणी सुरू झाली की बायाबापड्यांना गाठोडी डोक्यावर घेऊन सडकेपर्यंत चालावे लागते; तेथून पुढे मग तो माल हिंगणघाटच्या किंवा आर्वीच्या बाजाराला जातो. पांदणीवर शेजाऱ्याने धुरा सरकवून अतिक्रमण केले तर दाद मागण्यासाठी मामलेदार न्यायालयाचा १९०६ चा अधिनियम आहे, सीमांवरून वाट मिळविण्यासाठी संहितेचे कलम १४३ आहे, आणि राज्य शासनाने २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत व पाणंद रस्ते योजनाही काढली. तथापि तहसीलदारापुढील एकेक वाद किती तारखा खातो हे ज्याचे त्याला माहीत. अशा पांदणीवरून दहा जड गाड्या मजेखातर गेल्या, आणि ओल्या मातीत हातभर खोल चाकोऱ्या पाडून परत फिरल्या, तर दुसऱ्या दिवशी त्याच वाटेने बंडी हाकणाऱ्याला काय वाटत असेल याचा विचार गाडीत बसलेल्याने केला पाहिजे.

जेथे हा छंद मूळ धरून आहे तेथील लोकांनी त्याला बंधन कसे घातले ते पाहण्याजोगे आहे. अमेरिकेच्या यूटा राज्यात मोआब नावाचे छोटे गाव आहे. भोवताली तांबड्या खडकांचे वाळवंट. तेथील व्यापारी मंडळाने १९६७ मध्ये ईस्टरच्या सुट्टीत जीपगाड्यांची एक दिवसाची सामुदायिक सफर काढली, आणि ती आज नऊ दिवसांची मोठी जत्रा झाली आहे. पण ती सफर मन मानेल तेथे जात नाही. वाटा ठरलेल्या आहेत, त्यांना नावे आहेत, सरकारी भूमिखात्याचा परवाना घ्यावा लागतो, आणि स्थानिक चालकांचा संघ तिची व्यवस्था पाहतो. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी १९७२ मध्ये काढलेल्या हुकुमाने सार्वजनिक जमिनीवर अशी वाहने कोठे चालावीत आणि कोठे चालू नयेत हे ठरवून देण्याची जबाबदारी खात्यांवर टाकली होती. म्हणजे बंदी आणि बेबंदशाही यांच्या मधला मार्ग त्या लोकांना पन्नास वर्षांपूर्वी सापडला.

जंगलाच्या बाबतीत मात्र मधला मार्ग नाही. १९७० पासून अभयारण्य असलेले आणि २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्प झालेले आपले बोर देशातील अतिशय लहान व्याघ्र प्रकल्पांपैकी एक आहे. तेथे हौशी ताफ्याला एक पाऊलही वाट देऊ नये. परवानाधारक, वाटाड्या बरोबर असलेल्या वाहनांकडूनही मर्यादा कशी सुटते ते शेजारच्या उमरेड-पवनी-करांडला अभयारण्यात ३१ डिसेंबर २०२४ रोजी दिसले: एक वाघीण आणि तिचे पाच बछडे पर्यटकांच्या गाड्यांनी दोन्ही बाजूंनी कोंडले, आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला त्याची आपण होऊन दखल घ्यावी लागली. बोरच्या भोवतालची शिवारे, जेथून वाघाची ये-जा असते, तीही या मनाईत धरावीत असे माझे मत आहे.

उरलेल्या मुलखासाठी माझी तजवीज साधी आहे. ज्या गावांची इच्छा असेल त्यांच्या ग्रामसभेने आपल्या हद्दीतील एखादी मुरमाड, पक्की वहिवाट या कामासाठी ठरवावी. आडवा माळ आणि पाण्याचा नाला सर्वथा वर्ज्य असावा. प्रत्येक गाडीमागे शुल्क घेऊन ते ग्रामपंचायतीने निराळ्या खात्यात ठेवावे आणि पांदणीच्या मुरमीकरणावरच खर्चावे. ताफ्याबरोबर गावचा एक माणूस मेहनताना देऊन घ्यावा; त्याला वाट ठाऊक असते आणि टिटवीची अंडी कोठे आहेत तेही ठाऊक असते. पावसाळाभर, आणि मार्चपासून पुढे विणीच्या दिवसांत, वाट बंद राहावी. म्हणजे दिवाळीनंतरचे कोरडे, थंडीचे महिने तेवढे उरतात, आणि त्यांतही कापसाच्या बंड्या चालू असतील तेव्हा ताफ्याने बाजूला उभे राहून त्यांना आधी जाऊ द्यावे. काही हौशी मंडळी म्हणतील की एवढ्या अटींत मौज राहिली कोठे. पण खडकावर चाक नेमके ठेवण्यात ज्याला आनंद आहे त्याचा आनंद आखलेल्या वाटेवर तिळमात्र कमी होत नाही, कमी होतो तो केवळ धुरळा उडविणाऱ्याचा, आणि त्याची सोय करण्यास गाव बांधलेले नाही. कारंजा आणि आष्टी तालुक्यांतील ग्रामपंचायतींनी हा विषय येत्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेपुढे ठेवावा, आणि सभेच्या आधी तहसील कचेरीतून आपल्या गावच्या निस्तार पत्रकाची व वाजिब-उल-अर्जाची नक्कल मागवून घ्यावी.