बोधवाक्य बुद्धाचं, माईक कुणाचा?

आकाशवाणीच्या चिन्हावर लिहिलंय : ‘बहुजनहिताय बहुजनसुखाय’. हे दिल्लीच्या कुठल्या बाबूनं रचलेलं नाही. बुद्धानं पहिल्या साठ भिक्खूंना लोकांत पाठवलं, तेव्हाचे हे शब्द. तरी आपलेच कार्यकर्ते म्हणतात, रेडिओ सरकारचा, आपल्याला काय त्याचं!

सरकारचा कसा? पूर्वी रेडिओ ठेवायला लायसन लागायचं. माझा बाप गिरणीत. मे महिन्यात गावी येताना खांद्याला ट्रान्झिस्टर लावून आला. पुढं आय दरसाल पोस्टात पैसे भरायची. अख्ख्या बौद्धवाडीचा तो एकच रेडिओ. खोतानं भरले तेवढेच तिनं भरले. जात बघून कुणी सूट दिली नाही.

१९२७ साली मुंबईत खाजगी कंपनीनं रेडिओ सुरू केला. ती बुडाली, १९३० ला इंग्रज सरकारनं तो ताब्यात घेतला. साहेब गेला, खुर्ची राहिली. आणीबाणीत ती खुर्ची कुणाची आरती ओवाळत होती ते सगळ्यांनी ऐकलंय. १९७७ ला रत्नागिरीत केंद्र झालं, त्याच साली वर्गीज समिती बसली. तिनं सांगितलं, रेडिओ सरकारच्या हातून काढा, स्वतंत्र न्यासाकडे द्या. प्रसार भारतीचा कायदा झाला १९९० ला, लागू झाला १९९७ ला. वीस वर्षं! अन् अजून पैशासाठी दिल्लीकडेच हात पसरायचा.

पण त्या कायद्याचं कलम १२ वाचा. अस्पृश्यता, शोषण, विषमता यांच्याविरुद्ध काम करणं हे प्रसार भारतीचं कर्तव्य म्हणून लिहिलंय. १४ एप्रिलला दोन भीमगीतं लावली म्हंजे ते कर्तव्य फिटत नाही.

मुंबईत रेडिओ सुरू झाला त्याच १९२७ साली बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. तळं सार्वजनिक होतं, कागदावर सगळ्यांना खुलंही होतं. पाण्याला हात लावायला मात्र चालत जावं लागलं. १९९५ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं, आकाशातल्या लहरी ही जनतेची मालमत्ता. मग ह्या तळ्यावर आपण कधी जाणार?

तेलंगणात तेव्हाच्या मेडक जिल्ह्यातल्या दलित बाया गेल्या. शेतमजूर बाया, २००८ पासून स्वतःचं रेडिओ केंद्र चालवतात. आपण पदवीधर, आपण परिसंवाद भरवतो.

रत्नागिरी केंद्राला माहितीच्या अधिकारात विचारा : स्वरचाचणीच्या समितीवर कोण कोण बसतं? सकाळच्या भक्तिगीतांत बुद्धवंदना वर्षातून किती वेळा? आंबेडकरी शाहिरांना, आमच्या लेखकांना १४ एप्रिल अन् ६ डिसेंबर सोडून किती मिनिटं? कार्यक्रम सल्लागार नेमले असतील तर ते कोण, कुठल्या वाडीतले? उत्तर चांगलं आलं तर तेही छापू.

मंडणगड, दापोली, राजापूरच्या पोरांनी आपापल्या नावानं वेगवेगळे अर्ज करावेत, एकाच्याच अंगावर नको. फी १० रुपये आहे. पोच जपून ठेवा.