रविवारची सेकंड शिफ्ट

पिंपरी-चिंचवड पट्ट्यातल्या अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. त्यामुळे इथल्या कित्येक ख्रिस्ती कामगारांचा रविवार दोन भागांत वाटला जातो: सकाळी उपासना, दुपारी सेकंड शिफ्ट. बायबल घरी ठेवायचे, डबा उचलायचा आणि कंपनीची बस गाठायची. प्रभुभोजनासाठी पुढे केलेला हात काही तासांत प्रेसच्या बटणावर, इन्स्पेक्शन रिपोर्टवर किंवा ठेकेदाराच्या बिलावर येतो. सकाळचा विश्वास दुपारच्या त्या हातात उरतो का? याचे खरे उत्तर द्यायचे तर धोक्याची घंटा वाजवावी लागेल.

हा समाज या पट्ट्याबरोबरच वाढला. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, साठच्या दशकात एमआयडीसी आणि वाहन कारखाने आले, पुढे कारखानदारी चाकण, म्हाळुंगे, तळेगावपर्यंत पसरली. नगर, श्रीरामपूर, जालन्याकडची मराठी ख्रिस्ती कुटुंबे कामाच्या शोधात इथे आली. केरळ, तमिळनाडू, गोव्यातून तंत्रज्ञ, परिचारिका, शिक्षक आले. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती लोकसंख्या एक टक्क्याहून कमी आहे. पण या पट्ट्यात ती प्रत्येक पायरीवर आहे. ऑपरेटर, सेटर, लाइन इन्स्पेक्टर, सुपरवायझर, एचआर आणि पर्चेसमधले अधिकारी, लेबर ठेकेदार, दहा-वीस माणसांच्या वर्कशॉपचे मालक, सगळीकडे. म्हणजे या समाजाची सही रोज हजारो कागदांवर पडते. ती खरी असते की खोटी, हा प्रश्न म्हणूनच खासगी राहत नाही.

कंपनीच्या गेटवर अनेक ठिकाणी मोबाइल सिक्युरिटीकडे जमा करावा लागतो आणि सुटताना परत मिळतो. आपल्यातल्या पुष्कळांनी विश्वासाचेही तसेच केले आहे.

पॉवर प्रेसचेच घ्या. कामगार पत्र्याचा तुकडा डायमध्ये ठेवतो, हात बाहेर घेतो, रॅम खाली येतो, जॉब तयार होतो. एका शिफ्टमध्ये हे हजारो वेळा. दोन्ही हातांनी दोन बटणे एकदम दाबल्याशिवाय रॅम हलू नये, अशी सोय असते. पुढे सेन्सरचा पडदा असतो. हात आत आला की मशीन थांबते. पण त्यात प्रत्येक स्ट्रोकमागे क्षणभर वेळ जातो. मग टार्गेटसाठी एक बटण चिकटपट्टीने दाबून ठेवले जाते, सेन्सर बायपास होतो, गार्ड काढून भिंतीला टेकवला जातो. हे सेटरला ठाऊक असते आणि सुपरवायझरलाही. तरीही शिफ्टच्या सुरुवातीच्या चेकशीटवर ‘सेफ्टी डिव्हाइस ओके’ या ओळीपुढे खूण होते आणि खाली सही पडते. एखाद्या रात्री डोळा लागतो, हात आत राहतो आणि बोटे जातात.

वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या उद्योगातल्या अशा अपघातांवर ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था २०१९ पासून ‘क्रश्ड’ नावाचे अहवाल काढते. हरियाणापासून सुरू झालेल्या या कामात पुढे महाराष्ट्रही आला. त्यातले एक निरीक्षण सुन्न करणारे आहे: अनेक जखमी कामगारांना ईएसआय विम्याचे कार्ड मिळते ते अपघात झाल्यानंतर. खरे तर नोकरीच्या पहिल्या दिवसापासून कामगाराची नोंद व्हायला हवी. २१ हजारांपर्यंत पगार असलेला कामगार या विम्याच्या कक्षेत येतो. उपचार, कामावर नसतानाच्या काळातले पैसे, कायमचे अपंगत्व आल्यास दरमहा मिळणारा लाभ, हे सारे त्या एका नोंदीवर अवलंबून असते. ती नोंद टाळून वाचवलेले पैसे कोणाच्या तरी बोटांतून वसूल होतात. टाळणाऱ्यांत रविवारी पहिल्या बाकावर बसणारा ठेकेदार असेल, तर त्याच्या दशांशाच्या पाकिटाकडे मंडळीने कोणत्या नजरेने पाहायचे?

बायबलला हा विषय परका नाही. अनुवादाच्या पुस्तकात बाविसाव्या अध्यायात घर बांधणाऱ्यासाठी एक नियम आहे: गच्चीला कठडा बांध, म्हणजे कोणी पडून मेले तर त्याच्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर येणार नाही. प्रार्थनेइतक्याच गांभीर्याने सांगितलेला हा सुरक्षेचा नियम आहे. आजचा कठडा म्हणजे प्रेसचा गार्ड, उंचीवर काम करताना लावायचा बेल्ट, रसायनाच्या गोदामाला असलेला दुसरा दरवाजा. यशया संदेष्टा उपास करणाऱ्यांनाच फटकारतो, कारण ते उपासाच्या दिवशीही आपल्या मजुरांना पिळतात. याकोबाच्या पत्रात अडवून ठेवलेली मजुरी स्वतःच ओरडते आणि तो आवाज देवाच्या कानी जातो. आपण उपासकाळात मांस सोडतो, चहा सोडतो. ओव्हरटाइमचे बुडवलेले पैसे परत करण्याचा उपास कोणी केल्याचे ऐकिवात नाही.

८ डिसेंबर २०२३ रोजी तळवड्यात केकवर लावायच्या स्पार्कल मेणबत्त्या बनवणाऱ्या विनापरवाना कारखान्याला आग लागली. किमान सहा जणांनी त्याच दिवशी प्राण सोडले. पुढे उपचार घेणारेही दगावत गेले. कामावर बहुतेक महिला होत्या. त्या कारखान्याचा कोणत्याही धर्माशी संबंध नव्हता. पण असा उद्योग एकट्या माणसाच्या बळावर चालत नसतो. अशा ठिकाणी गाळा भाड्याने देणारा असतो, कच्चा माल पोचवणारा असतो, तयार माल उचलणारा असतो, येता-जाता पाहणारे शेजारी असतात. त्या साखळीत आपण कुठे कडी म्हणून उभे आहोत का, हा प्रश्न त्यानंतरच्या रविवारी प्रत्येक मंडळीने स्वतःला विचारायला हवा होता. तो नाताळच्या तयारीचा काळ होता. केकवरच्या मेणबत्त्या आपल्या टेबलांवरही होत्या.

आपल्या उपासनांमध्ये साक्ष देण्याची प्रथा आहे. ती ऐकली की मंडळी कशाला आशीर्वाद मानते ते कळते. नोकरी लागली, पर्मनंट झालो, फ्लॅटचे कर्ज मंजूर झाले, मुलाला कॅनडाचा व्हिसा मिळाला. देवाचे आभार मानायलाच हवेत. पण खोट्या रिपोर्टवर सही केली नाही म्हणून माझे प्रमोशन गेले, अशी साक्ष कोणी देत नाही. गाड्या न मोजता चलन फाडायला नकार दिला, भंगाराच्या काट्यात हात मारू दिला नाही, लाइनवरच्या मुलीला त्रास देणाऱ्या साहेबाविरुद्ध तक्रार समितीपुढे उभा राहिलो, अशा साक्षींना आपल्याकडे व्यासपीठच नाही. तरुण पोरे हे पाहत असतात. देव फायदा करून देतो, एवढेच ती शिकतात. देवासाठी तोटाही सोसायचा असतो, हे त्यांच्या कानावर पडतच नाही.

मराठी ख्रिस्ती परंपरा अशी नव्हती. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा त्यानंतर काही वर्षांनी झाला. पण त्याआधीच त्यांनी शिवाशिव सोडली होती. आधी पाण्याचा पेला बदलला, मग धर्माची नोंद. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून वाचवलेल्या मुलींना आसरा दिलाच, शिवाय हातात काम दिले, छापखाना दिला. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी वसईच्या हिरव्या पट्ट्यासाठी बिल्डर आणि टँकरवाल्यांशी वैर पत्करले. २०२० मध्ये ते मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा महाराष्ट्राने त्या आयुष्याचाच मान राखला. या माणसांना ओळख सांगावी लागली नाही. त्यांच्या वागण्यावरून लोकांनी ती ओळखली.

या भूमीलाही ही भाषा कळते. तळवड्याला लागून देहू आहे. तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडवली, अशी परंपरा आहे. येशू घरी आला तेव्हा जकातदार जक्कयाने ज्यांना लुबाडले त्यांना चौपट परत करण्याचा शब्द दिला. दोन्हीकडे भक्तीचा पहिला परिणाम चोपडीवर झाला. आज त्याच इंद्रायणीवर आळंदीत रसायनांचा आणि सांडपाण्याचा फेस दिसतो. त्या फेसात आपल्यापैकी कोणाच्या युनिटचे पाणी आहे, हेही विचारले पाहिजे.

यावर ठरलेले उत्तर येईल: पोट आहे, हप्ते आहेत, धंदा असाच चालतो. ही अडचण खोटी नाही. सात महिन्यांनी ब्रेक मिळणाऱ्या कंत्राटी पोराने सुपरवायझरशी वाद घालावा, असे पंख्याखाली बसून सांगणे सोपे आहे. म्हणूनच दोष एकट्या कामगारावर टाकून चालणार नाही. सही नाकारण्याची ताकद पायरीगणिक वाढत जाते, आणि जबाबदारीही. ऑपरेटरला शंभरदा विचार करावा लागेल. मालकाला, ठेकेदाराला, प्लँट हेडला तेवढी सबब नाही. आणि ज्याने सही नाकारली त्याच्या पाठीशी मंडळी उभी राहणार नसेल, तर त्याला सचोटीचा उपदेश करण्याचा अधिकार मंडळीला उरत नाही.

आधी आपले अंगण झाडले पाहिजे. ख्रिस्ती संस्थांच्या शाळांत, दवाखान्यांत, वसतिगृहांत काम करणाऱ्या शिपायाला, मावशीला, वॉचमनला किमान वेतन मिळते का? त्यांचा पीएफ भरला जातो का? मिशनच्या जागांवरून आणि विश्वस्तपदांवरून आपण किती वर्षे धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात आणि कोर्टात एकमेकांविरुद्ध उभे आहोत? लग्न जमवताना आडनावामागची जात आजही चाचपली जाते, हे कोणाला माहीत नाही? ख्रिस्ती समाजाकडे संशयाने पाहणाऱ्यांचा, प्रार्थनासभांवर चालून जाणाऱ्यांचा निषेध झालाच पाहिजे. तो घटनेने दिलेल्या हक्काचा प्रश्न आहे. पण आपल्या समाजात मजूर नागवला जात असेल, तर त्याला बाहेरचा कोणी जबाबदार नाही.

करता येण्यासारखे पुष्कळ आहे आणि त्याला परवानगी लागत नाही. प्रत्येक मंडळीने महिन्यातून एक रविवार उपासनेनंतर टेबल मांडावे. एचआरमधल्या, अकाउंट्समधल्या सभासदांनी तिथे बसून येणाऱ्या कामगाराची ईएसआय आणि पीएफची नोंद मोबाइलवर तपासून द्यावी. तो ख्रिस्ती असो वा नसो. मंडळीतल्या मालकांनी आणि ठेकेदारांनी एकमेकांच्या वर्कशॉपला भेट देऊन गार्ड आणि सेन्सर पाहावेत. खरेपणापायी नोकरी गेलेल्या माणसासाठी छोटा निधी उभारावा, म्हणजे सचोटीची किंमत एकट्या घराला मोजावी लागणार नाही. आणि साक्षीच्या वेळेत तोट्याच्या साक्षींनाही जागा द्यावी.

व्यासपीठानेही तोंड उघडले पाहिजे. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ मध्ये ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकात कामगाराच्या न्याय्य वेतनाचा प्रश्न चर्चच्या शिकवणीत आणला. पोप बारावे पायस यांनी १९५५ मध्ये १ मे हा कामगार संत योसेफाचा सण ठरवला. २०२५ मध्ये निवडून आलेल्या पोप चौदावे लिओ यांनी ‘लिओ’ हे नाव घेताना त्याच परिपत्रकाची आठवण दिली. कॅथलिक असो, प्रॉटेस्टंट असो, स्वतंत्र मंडळी असो, या पट्ट्यातल्या पाळकाला ऐकायला बसलेले बहुतेक लोक कारखान्यातून आलेले आहेत आणि कारखान्यात जाणार आहेत. वर्षभराच्या उपदेशांत प्रेस, ठेका, ओव्हरटाइम आणि सही यांतले काहीच येत नसेल, तर तो उपदेश त्यांच्यासाठी नाही.

चाकणच्या रस्त्यावर माणूस ख्रिस्ती आहे की नाही, हे त्याच्या गळ्यातल्या क्रुसावरून ठरणार नाही. त्याच्या हाताखालचे कामगार धडधाकट हातांनी घरी जातात का आणि त्यांचा पगार वेळेवर होतो का, यावरून ठरेल. येत्या रविवारी सेकंड शिफ्टला जाणाऱ्या प्रत्येकाने समोर आलेला कागद वाचावा आणि तो खोटा असेल तर सही करू नये. आणि त्याने सही केली नाही म्हणून काही बिनसले, तर पुढच्या रविवारी साऱ्या मंडळीने त्याच्या दारात उभे राहावे.