'प्रायव्हेट जागा आहे' म्हणे!

आपल्याकडे बारीकसारीक अपघातांचा निकाल दोन वाक्यांत लागतो. पहिलं वाक्य: "हा काय रोड आहे का? प्रायव्हेट जागा आहे ही." दुसरं: "जाऊ द्या ना भाऊ, होऊन राह्यतं असं." संपला खटला!

मंगल कार्यालयाचं पटांगण, मार्केट यार्ड, दवाखान्याचं कंपाऊंड, सोसायटीचं पार्किंग... गेटच्या आत गाडी शिरली की मोटार वाहन कायदा बाहेर चपला काढून उभा राहतो, अशी आपल्या तमाम सुशिक्षित जनतेची ठाम समजूत आहे. माझ्या ऑफिसात (सगळे इंजिनीअर, बरं का!) मी दहाबारा जणांना विचारून पाहिलं. "पार्किंगमध्ये दुसऱ्याची गाडी ठोकली तर कायद्याने काय करावं लागतं?" बहुतेकांचं उत्तर: "काही नाही. फार तर सॉरी म्हणायचं."

तर मंडळी, हे साफ चूक आहे. नुसतं चूकच नाही, तर ज्याची गाडी मोठी त्याच्या सोयीचं आहे. माझा राग त्यावर आहे.

आधी कायदा बघू. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १३४. वाहनाच्या अपघातात माणूस जखमी झाला किंवा तिसऱ्या कुणाच्या मालमत्तेचं नुकसान झालं, तर चालकाने काय करायचं ते इथे लिहिलंय. जखमीला डॉक्टरकडे पोचवायचं (जमाव अंगावर आला वगैरे अडचण असेल तर सूट आहे). पोलीस हजर असेल तर तो विचारेल ती माहिती द्यायची, नसेल तर जवळच्या ठाण्यात लवकरात लवकर, आणि काही झालं तरी २४ तासांच्या आत, कळवायचं. शिवाय आपल्या विमा कंपनीला लेखी कळवायचं. आणि कलम १३२ सांगतं की ज्याचं नुकसान झालं त्याने स्वतःचं नाव-पत्ता देऊन विचारलं, तर चालकाने आपलं आणि गाडीमालकाचं नाव-पत्ता द्यायचा. हे पाळलं नाही तर कलम १८७. २०१९ च्या दुरुस्तीआधी त्यात तीन महिने कैद किंवा पाचशे रुपये दंड होता, आता सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार दंड किंवा दोन्ही.

आता गंमत बघा. विमा सक्तीचा करणाऱ्या कलम १४६ मध्ये 'सार्वजनिक जागा' असे शब्द आहेत. कलम १३४ मध्ये ते शब्दच नाहीत! कोडमध्ये जी कंडिशन लिहिलेलीच नाही ती आपण मनाने कशी लावतो? 'मालमत्तेचं नुकसान' एवढंच तिथे आहे, आणि उभी असलेली दुसऱ्याची बाईक ही मालमत्ताच असते, मग ती हायवेवर असो की लग्नाच्या मांडवामागे.

बरं, 'सार्वजनिक जागा' हा शब्द जिथे आहे तिथेही पळवाट वाटते तेवढी रुंद नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाचा एक निकाल १९८८ च्या 'ऑल इंडिया रिपोर्टर'मध्ये छापून आलाय (हा रिपोर्टर आपल्या नागपूरचाच). त्याचं सार असं, की लोकांना जिथे जाता येतं ती जागा सार्वजनिक. मग तो प्रवेश तिकिटावर असो, पासवर असो, परवानगीने असो की ठराविक कामापुरता असो. म्हणजे सातबारा कुणाच्या नावावर आहे हा प्रश्नच नाही, गेट कुणासाठी उघडतं हा प्रश्न आहे. या हिशेबाने मंगल कार्यालय आणि यार्ड कुठे बसतात, ते तुम्हीच सांगा.

मग हा गैरसमज आला कुठून? माझा अंदाज, फौजदारी कायद्यातून. बेदरकार गाडी चालवण्याचं जुनं कलम २७९, आताच्या भारतीय न्याय संहितेतलं २८१, हे खरोखरच सार्वजनिक रस्त्यापुरतं आहे. तेवढं एक लोकांच्या डोक्यात बसलं. पण दुसऱ्याच्या जिवाला धोका करण्याचं कलम १२५ रस्ता आहे की पटांगण ते विचारत नाही. हे मात्र कुणाला आठवत नाही.

आता आमच्या वाशीमकडे या. जिल्हा १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झाला, एमएच ३७ पाटी मिळाली, डिसेंबर २०२२ पासून समृद्धी महामार्गही सुरू झाला. समृद्धीवरच्या मोठ्या अपघातांच्या बातम्या होतात. पण साध्या माणसाला रोजचा धक्का बसतो तो महामार्गावर नाही. सोयाबीनच्या सीझनमध्ये कारंजा, रिसोड, वाशीमच्या यार्डात ट्रॅक्टर-ट्रॉल्या, मेटॅडोर आणि हमाल एकमेकांच्या अंगावरून जात असतात. रामनवमीला पोहरादेवीला गर्दी झाली की दिसेल त्या मोकळ्या वावरात पार्किंग होतं. मे महिन्यातल्या लग्नांचं तर विचारूच नका. तिथे होतात हे अपघात, आणि तिथेच मिटतात.

कसे मिटतात तेही सांगतो. माझ्या मामाचं उदाहरण. कोरडवाहू शेती, जुनी बाईक. लग्नाच्या गर्दीत एका मोठ्या गाडीने रिव्हर्स घेताना बाईक पाडली, ती मामाच्या पायावर. चार प्रतिष्ठित मंडळी जमली. "प्रायव्हेट जागा आहे, पोलीस काय करतीन? हे घ्या पाचशे, पावण्याच्या घरी तमाशा नको." मामा भिडेचा माणूस, गप्प बसला. दुसऱ्या दिवशी पाय सुजला, एक्सरेत बारीक फ्रॅक्चर निघालं. गाडीचा नंबर कुणाकडे? कुणाकडेच नाही. ठाण्यात नोंद? नाही. पंधरा दिवसांवर पेरणी आणि माणूस खाटेवर. मजूर लावून पेरणी उरकली, उसनवारी करून. त्या गाडीचा विमा नक्कीच असणार, पण नंबरशिवाय दावा करायचा कुणावर?

'मिटवणं' म्हणतात ते हे. यात मिटला तो फक्त पुरावा.

बरं, ठोकणाऱ्याचा तरी यात फायदा आहे का? नेहमीच्या मोटार पॉलिसीतली एक अट वाचा. कंपनीच्या लेखी संमतीशिवाय चूक कबूल करायची नाही, पैसे द्यायचे नाहीत, द्यायचं आश्वासनही द्यायचं नाही. म्हणजे पाचशे टेकवून सुटलो असं वाटणारा महाभाग उद्या खरा दावा आला की स्वतःच्याच विमा कंपनीशी भांडत बसणार. आणि तो पळून गेला, तर ज्याची उभी गाडी चेपली तो बिचारा स्वतःच्या पॉलिसीतून क्लेम करणार (फुल इन्शुरन्स असेल तर!) आणि पाच वर्षं सांभाळलेला ५० टक्क्यांचा नो क्लेम बोनस घालवणार. चूक एकाची, प्रीमियम दुसऱ्याचा. वा रे न्याय!

आता तुम्ही म्हणाल, "प्रत्येक ओरखड्यासाठी ठाण्यात जायचं? पोलिसांना दुसरी कामं नाहीत?" मुद्दा बरोबर आहे. मलाही वाटतं की ओरखड्याला आणि फ्रॅक्चरला एकच २४ तासांचा नियम लावणं जरा अतीच आहे. बदला ना मग कायदा! बारीक नुकसानासाठी मोबाईलवर नोंद करायची सोय द्या, ठाण्याची पायरी चढायला लावू नका. पण नियम अवघड आहे म्हणून तो नाहीच असं समजायचं, हे कुठलं लॉजिक?

आणि एक. मी समझोत्याच्या विरोधात नाही. दोघांनी नाव, नंबर, विमा एकमेकांना दिला, दुखापत नाही याची खात्री केली, फोटो काढले, नोंद केली आणि मग भरपाईचं आपसात ठरवलं, तर आनंदच आहे. तो समझोता दोन बरोबरीच्या माणसांचा. चार जणांच्या दबावाखाली पाचशेची नोट खिशात कोंबणं हा समझोता नव्हे.

जानेवारी २०२४ मध्ये ट्रकचालकांचा संप आठवतोय? पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या होत्या. अपघातात मृत्यू झाल्यावर न कळवता पळणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा, यावरून तो पेटला होता. पुढे १ जुलै २०२४ ला न्याय संहिता लागू झाली तेव्हा ते पोटकलम बाजूला ठेवण्यात आलं. त्या आठवड्यात आपण सगळे 'हिट अँड रन'वर तावातावाने बोलत होतो, ट्रकवाल्यांना शिव्या घालत होतो. पण मॉलच्या बेसमेंटमध्ये शेजारच्या गाडीचा बंपर चेपवून, इकडेतिकडे बघून, हळूच सटकणारा तुमच्या-आमच्यातला पगारदार माणूस काय करतो? आकार लहान आहे, कृती तीच.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी "प्रायव्हेट जागा आहे" म्हणालं की शांतपणे म्हणा, "असू द्या. तुमचं नाव, पत्ता आणि विम्याचा कागद दाखवा." नंबरप्लेटचा फोटो आधी काढा, बोलणं नंतर. ठोकणारे तुम्ही असाल आणि मालक सापडत नसेल, तर वायपरखाली नाव-नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा, वॉचमनला सांगा आणि नोंदही करा. चिठ्ठी म्हणजे नोंद नव्हे. आणि गावाकडे आई-बाबा, काका-मामा असतील त्यांना या आठवड्यात फोनवर एवढं सांगाच: पैसे घ्या नाहीतर नका घेऊ, पण नंबर घेतल्याशिवाय गाडी हलू देऊ नका.