सहीवर थांबू नका, कामगाराला विचारा : भंडाऱ्याच्या जिल्हाधिकाऱ्यांना खुले पत्र

मा. जिल्हाधिकारी,
भंडारा



२४ जानेवारी २०२५, शुक्रवार. सकाळी साडेदहाच्या सुमारास जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत स्फोट झाला. इमारतीचं छत कोसळलं आणि किमान आठ कामगार गेले. त्याच्या वर्षभर आधी, जानेवारी २०२४ मध्ये, त्याच निर्माणीतल्या स्फोटात एकाचा जीव गेला होता. ही निर्माणी संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतली आहे, तिथली चौकशी आपल्या हातात नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून तिच्याविषयी आपल्याला काही मागत नाही. मी लिहितेय ते आपल्या अधिकारात येणाऱ्या बाकीच्या जिल्ह्याविषयी. तिथं रसायनानं माणूस जातो तेव्हा आवाज होत नाही, आणि अनेकदा कशानं गेला तेही घरच्यांना कळत नाही.

जवाहरनगरच्या फाटकातून आत जाणाऱ्याला आपण स्फोटकांजवळ काम करतो एवढं तरी माहीत असतं. धानाच्या गोदामात पोती वाहणाऱ्या हमालाला काय माहीत असतं?

आपला जिल्हा धानाचा. खरेदी झाली की धान आणि गिरणीतून आलेला तांदूळ गोदामांत थप्प्या लावून ठेवला जातो. कीड लागू नये म्हणून थप्पीवर प्लॅस्टिकचं आच्छादन टाकतात, कडेनं वाळूच्या लांब पिशव्या दाबून बसवतात आणि आत ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ठेवतात. हवेतल्या दमटपणानं त्या गोळ्यांतून फॉस्फिन वायू सुटतो. गावात या गोळ्यांना सल्फास म्हणतात. खाल्ल्या तर माणूस मरतो, हे लहान पोरालाही माहीत असतं. पण न खाता, नुसत्या श्वासातूनही त्या तेच करू शकतात, हे फार थोड्यांना माहीत आहे. वास लसणासारखा किंवा कुजक्या मासळीसारखा येतो, पण त्यावर विसंबता येत नाही, कारण शुद्ध फॉस्फिनला वासच नसतो. डोकं दुखतं, मळमळतं, छाती आवळल्यासारखी होते. हमाल म्हणतो, ऊन लागलं असेल, पित्त झालं असेल. या विषावर उतारा नाही. डॉक्टर फक्त शरीराला आधार देऊ शकतात, आणि तोही वेळेत पोहोचलेल्यालाच.

या गोळ्या वापरण्याची परवानगी प्रशिक्षित आणि मान्यताप्राप्त माणसांनाच आहे. नियम चांगला आहे. पण गोळ्या ठेवणारा निघून गेल्यावर आच्छादन कोण काढतं? दार कोण उघडतं, उरलेली राखाडी भुकटी झाडून कोण काढतं? हमालच. थप्पी कधी झाकली, वायू मोजून मगच दार उघडलं का, किती वेळ वारा खेळू दिला आणि त्या भुकटीत अजून वायू शिल्लक असू शकतो का, हे विचारण्याचा हक्क आणि ते विचारण्याइतकी समज त्याच्याकडे हवी. आज विचारलं तर उद्या मुकादम दुसऱ्याला बोलावेल, ही भीती त्याच्या मनात असते. ती खोटी आहे असं मला म्हणता येत नाही.

आता शहरात या. भंडारा पितळी भांड्यांसाठी ओळखलं जातं. हा धंदा पूर्वीइतका राहिला नाही, तरी ठोकण्याचे आवाज अजून ऐकू येतात. भांडं उजळवायला तेजाब लागतं. पितळ नायट्रिक ॲसिडमध्ये बुडवलं की तांबूस तपकिरी धूर निघतो. तो छातीत गेला की खोकला येतो, डोळे चुरचुरतात, आणि थोडा वेळ बाहेर बसलं की बरं वाटतं. खरा धोका या बरं वाटण्यात आहे. काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, फुप्फुसात पाणी भरायला लागतं. तोवर कामगार घरी जाऊन जेवून झोपलेला असतो. धूर छातीत गेला असेल तर बरं वाटत असतानाच दवाखाना गाठायचा, एवढं एक वाक्य त्याला कुणी सांगितलं तर जीव वाचू शकतो. ते वाक्य सांगायला पैसे लागत नाहीत.

पितळ ओतणाऱ्यांचं दुखणं निराळं. वितळलेल्या पितळेतून जस्ताचा धूर निघतो. संध्याकाळी हुडहुडी भरून ताप येतो, अंग मोडून येतं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत ताप उतरतो. सुट्टीनंतर कामावर परतल्याच्या पहिल्या दिवशी तो जास्त जाणवतो. अशा माणसाला मलेरियाच्या गोळ्या देऊन परत पाठवायला डॉक्टरलाही वेळ लागत नाही, कारण तू काय काम करतोस हे कुणी विचारत नाही आणि सांगायला हवं हे कामगारालाही सुचत नाही.

अशाच एका छोट्या कार्यशाळेत मी थंड पेयाच्या बाटलीत भरलेलं ॲसिड पाहिलं. बाटलीवरचा रंगीत कागद तसाच होता, झाकणही मूळचंच. शेजारच्या कट्ट्यावर पिण्याच्या पाण्याची तशीच दुसरी बाटली. दोन्हींतलं पाणी, म्हणजे पाण्यासारखं दिसणारं, सारखंच स्वच्छ. तिथल्या माणसाला मी विचारलं, यात काय आहे? तो म्हणाला, माल. आणखी विचारल्यावर म्हणाला, तेजाब. कुठलं, किती जोराचं, पाण्यात ते ओतायचं की त्यात पाणी ओतायचं, यातलं त्याला काही सांगता आलं नाही. त्याचा मालकही त्याच्या शेजारी बसून तेच काम करत होता, आणि त्यालाही माहीत नव्हतं. ॲसिडात पाणी ओतलं तर ते उकळून अंगावर उडतं, म्हणून नेहमी पाण्यात ॲसिड, हळूहळू, ओतायचं, हे त्या दोघांनी अनुभवातून शिकावं अशी आपली अपेक्षा आहे का?

तुमसर तालुक्यातल्या चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या खाणी मॅंगनीजच्या. खाणींची सुरक्षा केंद्राकडे आहे, त्यामुळे इथं एवढंच सांगते: मॅंगनीजची धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली की चालण्यात ताठरपणा येतो, चेहरा भावहीन होतो, हात थरथरतात. स्कॉटलंडमध्ये मॅंगनीज दळणाऱ्या कामगारांत हे दुखणं १८३७ मध्येच नोंदवलं गेलं होतं. जवळपास दोनशे वर्षांपूर्वी डॉक्टरांना कळलेली गोष्ट आज तुमसरच्या बाजारात भेटणाऱ्या खाणकामगाराला सांगता यायला हवी.

कायद्यात हे सगळं नाही असं नाही. डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळमध्ये माणसं गुदमरत होती तेव्हा कुठला वायू सुटला आहे हे डॉक्टरांना धड माहीत नव्हतं. त्यानंतर १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात नवं प्रकरण आलं. धोकादायक प्रक्रियेची माहिती कामगारांना, निरीक्षकाला आणि आसपासच्या लोकांना देणं मालकावर बंधनकारक झालं. आरोग्य आणि सुरक्षेची माहिती मागण्याचा आणि प्रशिक्षण मिळण्याचा हक्क कामगाराच्या नावावर लिहिला गेला. १९८९ च्या धोकादायक रसायनांच्या नियमांनी डब्यांवर लेबल आणि प्रत्येक रसायनाचं सुरक्षा माहितीपत्रक सक्तीचं केलं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून कारखाने अधिनियमाची जागा नव्या श्रम संहितेनं घेतली आहे. माहिती मिळण्याचा हक्क तिच्यातही आहे. मात्र तिच्यात यंत्रशक्तीवर चालणारी जागा कारखाना ठरायला वीस कामगार लागतात, मूळ कारखाने अधिनियमात दहा पुरत होते. आपल्या पितळेच्या कार्यशाळांत इतकी माणसं कुठं असतात?

मोठ्या कारखान्यांत प्रशिक्षण होतं. ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिनी शपथ घेतली जाते, फलक लागतात, नोंदवहीत सह्या होतात. त्या सह्यांनाच आपण प्रशिक्षण समजतो, आणि माझी खरी तक्रार इथं आहे. तपासणीला आलेला अधिकारी वही पाहतो. त्यानं वही बाजूला ठेवून ठेकेदाराच्या सर्वांत नव्या मजुराजवळ जावं आणि विचारावं: या डब्यात काय आहे? अंगावर सांडलं तर पहिल्यांदा काय करशील? कुठल्या दारानं पळशील? उत्तर आलं तर प्रशिक्षण झालं. आलं नाही तर वहीत शंभर सह्या असल्या तरी ते झालेलं नाही, आणि अहवालात तसंच लिहिलं जावं.

नव्या मजुरावर माझा भर आहे, कारण कायम कामगार वीस वर्षांत काही ना काही शिकून घेतो. ठेक्यावरचा पोरगा सोमवारी येतो, मंगळवारी टाकी साफ करायला आत उतरतो. त्याचं नाव कारखान्याच्या वहीत नसतं आणि ठेकेदाराकडे वहीच नसते.

सुरक्षा माहितीपत्रक सोळा भागांचं असतं आणि बहुतेक ठिकाणी इंग्रजीत. ते कार्यालयातल्या कपाटात राहतं. कामगाराला लागतो एक कागद, मोठ्या अक्षरांत, मराठीत, जिथं बाहेरचे मजूर आहेत तिथं हिंदीत किंवा छत्तीसगढीतही. नाव काय, शरीरात कसं शिरतं, पहिलं लक्षण कोणतं, लगेच काय करायचं, डॉक्टरला काय सांगायचं. वाचता न येणाऱ्यासाठी तो मोठ्यानं वाचून, इथल्या झाडीबोलीत समजावून सांगावा लागेल. तो कागद बनवायला आपल्याला बाहेरून तज्ज्ञ आणावे लागणार नाहीत. महाविद्यालयांत रसायनशास्त्राचे प्राध्यापक आहेत, आरोग्य विभागात डॉक्टर आहेत.

हे आपल्यालाच का लिहितेय? रासायनिक अपघातांच्या १९९६ च्या नियमांनुसार जिल्हा संकट गटाचे अध्यक्ष आपण आहात. या गटानं दर पंचेचाळीस दिवसांनी भेटायचं असतं आणि वर्षातून किमान एकदा पूर्ण सराव घ्यायचा असतो. कारखाने निरीक्षक, आरोग्य, अग्निशमन, पोलीस असे सगळे एका टेबलाभोवती आणण्याचा अधिकार जिल्ह्यात दुसऱ्या कुणाकडे नाही. नियम मोठ्या अपघातांसाठी लिहिलेले आहेत, हे मान्य. पण गोदामातला एक हमाल आणि पितळ धुणारा एक माणूस आपल्या टेबलावर येणार नसतील, तर ते दुसऱ्या कुठल्याच टेबलावर येणार नाहीत.

सुरुवात औद्योगिक प्रशिक्षण संस्थांपासून करता येईल. जिल्ह्यातली मुलं तिथूनच शिकाऊ म्हणून कारखान्यांत जातात. कारखान्याच्या फाटकात पाऊल टाकण्याआधीच लेबल वाचायला, खुणांचा अर्थ लावायला आणि नाही म्हणायला त्यांना शिकवलं, तर पुढं कुठंही गेली तरी ती शिकवण त्यांच्यासोबत जाईल. दुसरी विनंती जिल्हा रुग्णालय आणि ग्रामीण रुग्णालयांसाठी: रुग्णाच्या कागदावर काम काय करतो, हा रकाना असावा आणि तो भरला जावा. नागपूर साठ किलोमीटरवर आहे. तिकडे पाठवताना रसायनाचं नाव चिठ्ठीवर असेल तर तिथल्या डॉक्टरचा अंदाज लावण्यात जाणारा वेळ वाचेल.

आणि संकट गटाच्या पुढच्या बैठकीची तारीख आधी जाहीर करा. तुमसर, मोहाडी, पवनी, साकोली, लाखनी, लाखांदूर इथून कामगारांना बोलवा, त्यांच्या कामाच्या जागी काय काय आहे ते त्यांच्याच तोंडून ऐका. त्या दिवसाची मजुरी बुडाली तर कुणी येणार नाही, म्हणून तेवढी सोय बैठकीच्या खर्चात धरा.

आपली नम्र,
भंडारा जिल्ह्यातील एक रहिवासी